सोफा-कार्पेट धुवायचं मशीन: चौदा महिन्यांनंतर, रिपेरिंगसकट

मशीन घेऊन चौदा महिने झाले आणि त्यातले तीन आठवडे ते बंद पडून होतं, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. घेताना मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे पहिल्या दिवसाचे, 'बापरे किती काळं पाणी निघालं' आणि खाली फोटो. काळं पाणी काय कोणाकडेही निघेल. भांडुपला राहतो आम्ही, एलबीएस रोडवर मेट्रोचं काम, खिडकी उघडली की धूळ आत, आणि घरात फॅब्रिकचा सोफा आणि खाली पाच बाय सातचं कार्पेट. मुंबईत कार्पेट कोण घालतं विचारू नका, नणंदेने वास्तुशांतीला दिलंय, काढता येत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. या टाइपची मशीनं आतून बरीचशी सारखीच असतात, त्यामुळे तुमचं कुठल्याही कंपनीचं असलं तरी पुढचं उपयोगी पडेल. माझं सेलमध्ये साडेअकरा हजाराला पडलं. बादलीएवढा डबा, एका बाजूला चांगल्या पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला घाण पाण्याची, मधे मोटर, आणि दीडेक मीटरचा पाइप, त्याच्या टोकाला ब्रश. ट्रिगर दाबला की शाम्पूचं पाणी फवारतं, ब्रशने घासायचं, मग ट्रिगर सोडून ब्रश मागे ओढत आणला की तेच पाणी मळासकट परत आत खेचलं जातं. चालतं तेव्हा झकास चालतं, खोटं कशाला बोलू. चहाचे डाग, लेकीच्या नाचणीच्या खिरीचे डाग, गेल्या गणपतीत सोफ्याच्या हातांवर पुसले गेलेले मोदकांचे तुपकट हात, सगळं गेलं. आवाज मात्र मिक्सरसारखा, लेक दुपारी झोपलेली असेल तर विसरा. आणि कार्पेट भर पावसाळ्यात धुवू नका, उन्हाळ्यात पंख्याखाली एका रात्रीत सुकतं ते जुलैमध्ये दोन दिवस ओलसर राहतं आणि मग सगळ्या हॉलला कुबट वास.

आता बंद कसं पडलं ते. यात माझी चूक आहे, आधीच सांगते.

लेकीला खोकला होता म्हणून रात्री हळदीचं दूध दिलं, तिने अर्धं प्यायलं आणि उरलेलं सोफ्यावर. सकाळी बघितलं तर हा एवढा पिवळा डाग. मशीनचा शाम्पू संपलेला, आणि तो कंपनीचा शाम्पू एवढा महाग की मागवायला हात धजावत नव्हता, म्हटलं कपड्याची पावडर काय वाईट आहे, दोन चमचे घातली टाकीत. फवारा मारला आणि डोळ्यांदेखत तो पिवळा डाग लालभडक झाला. माझ्या पोटात गोळाच आला, वाटलं सोफ्याचा रंग उतरला, म्हणून अजून दोन चमचे पावडर, अजून घासणं, अजून लाल. आई (म्हणजे सासूबाई) आतून आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अगं कुंकू असंच तर करतात, हळदीला चुना नाहीतर पापडखार लागला की लाल होते ती. तू तर खारच ओततेयस." कपड्याच्या पावडरीत सोडा असतो, म्हणजे तेच. त्यांनी साध्या पाण्याने तो भाग पुसून घेतला, वर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून लावलं तर डाग परत पिवळा झाला, आणि राहिलेला पिवळा चार-पाच दिवस खिडकीतल्या उन्हाने हळूहळू गेला. हळद उन्हात टिकत नाही, हे लोणच्याच्या डागाला पण लागू आहे.

डाग गेला पण मशीन गेलं. घाण पाण्याच्या टाकीत फेस वरपर्यंत आला, मोटरचा आवाज एकदम चढला, शिट्टीसारखा, आणि पाणी खेचणं बंद. सोफा चिंब आणि मशीन नुसतं ओरडतंय. दुसऱ्या दिवशी परत लावलं तर तेच, वर आता फवारा पण धड येईना, नुसते थेंब.

वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपलेली. कस्टमर केअरला फोन केला, वीस मिनिटं होल्डवर ती पेटीसारखी ट्यून. तेवढ्या वेळात मी फोनवर कार्पेट क्लीनिंगचा सगळा इतिहास वाचला. बिसेल म्हणून जी अमेरिकन कंपनी आहे (माझं मशीन त्यांचं नाही), तिची सुरुवात १८७६ मध्ये झाली, मिशिगनमध्ये नवराबायकोचं क्रॉकरीचं दुकान होतं, खोके उघडले की आतला भुसा कार्पेटमध्ये अडकायचा म्हणून नवऱ्याने झाडायचं यंत्र बनवलं. तो १८८९ मध्ये गेला आणि पुढे बायकोने, ॲना बिसेलने, कंपनी चालवली. म्हणजे बाईने चालवलेला धंदा हा, आणि इथे मला पलीकडून मुलगा विचारतोय, "मॅडम घरात कोणी जेन्ट्स आहेत का, प्लग बरोबर लावलाय का बघायला." असो.

व्हिजिट चार्ज ४९९, आधी ऑनलाइन भरायचे. माणूस नवव्या दिवशी आला. बॅग खाली ठेवली ती उघडलीच नाही. मशीन चालू केलं, पंधरा सेकंद आवाज ऐकला, म्हणाला मोटर गेली. मी विचारलं उघडून बघणार नाही का, तर म्हणे कंपनीत सुटा पार्ट येत नाही, पूर्ण असेंब्ली बदलावी लागते, ४,८०० होतील, आणि पार्ट सध्या नाहीये, तीन-चार आठवडे. वर सल्ला, "मॅडम एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पोरगा वाईट नव्हता, बिचाऱ्याला अजून सहा घरं गाठायची होती, सांगत होता त्या दिवशी पहिला कॉल बदलापूरचा केलाय. पण मला राग त्याचा नाही, राग याचा की अख्ख्या कंपनीत 'टाकी उघडून बघा' असं सांगायची सोय नाही. असेंब्ली विकायची सोय आहे.

हे सगळं आमचे सासरे कोपऱ्यात पेपर वाचत ऐकत होते. बाबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपला फिटर होते, पूर्वी डब्यांना व्हॅक्युम ब्रेक असायचे त्या सेक्शनला बरीच वर्षं काढली. पोरगा गेल्यावर म्हणाले, "अगं मोटर गेली असती तर ओरडली असती का? गेलेली मोटर गप्प बसते." मग मशीन चालू करायला लावलं आणि त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलं नव्हतं. आवाज चढलाय आणि ओढत नाही, तर हवा कुठेतरी अडलीये. आवाज नेहमीचा आहे आणि तरी ओढत नाही, तर हवा कुठेतरी गळतेय. अडली की मोटरवरचा लोड जातो, ती हलकी होऊन जोरात फिरते, म्हणून आवाज बारीक होतो. व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडावर हात ठेवून बघा, तसाच चढतो.

आमचा चढलेला होता, म्हणजे अडलेली. प्लग काढला (हे बाबांनी तीनदा बजावलं), घाण पाण्याची टाकी काढली. झाकणाच्या आत एक छोटा जाळीचा पिंजरा असतो आणि त्यात एक प्लास्टिकचा हलका तुकडा, तो फ्लोट. टाकी भरत आली की पाणी त्याला वर उचलतं आणि तो हवेची वाट बंद करतो, म्हणजे पाणी मोटरमध्ये जात नाही. सेफ्टीच आहे ती. पण फेसाने पण तो वर उचलला जातो, आणि माझ्या पावडरीचा फेस आत वाळून पिंजऱ्यात अगदी दुधाच्या सायीसारखा थर झाला होता, फ्लोट वरच चिकटून बसलेला. टाकी रिकामी आणि मशीनला वाटतंय भरलीये! जुना टूथब्रश आणि कोमट पाणी, दहा मिनिटांत फ्लोट खुळखुळ्यासारखा वरखाली व्हायला लागला. सोबत पाइपच्या तोंडाचा पारदर्शक भाग काढला तर त्यात केस, धागे आणि एक अख्खी टिकली.

लावलं परत. आवाज खाली आला, पण ओढ निम्मीच. आता बाबांचा चेहरा खुलला, कारण आता गळती शोधायची होती आणि ते त्यांचं खास काम. मला म्हणाले देवघरातून उदबत्ती आण. मशीन चालू, ब्रशच्या तोंडावर मी तळहात घट्ट दाबून धरलेला, म्हणजे सगळी ओढ दुसरीकडून कुठून येते ते कळावं, आणि बाबा पेटलेली उदबत्ती टाकीच्या झाकणाच्या कडेकडेने हळूहळू फिरवतायत. धूर सरळ वर जातोय, सरळ वर जातोय, आणि उजव्या कोपऱ्यापाशी आला आणि एकदम वाकून सुर्रकन आत. मी बघतच राहिले. "हे बघ," म्हणाले, "इथे बसलाय चोर." आई आतून विचारतायत आत्ता कसली पूजा.

झाकणाची रबराची रिंग काढून बघितली तर त्या कोपऱ्यात बारीक चीर आणि शेजारी चपटी झालेली. चीर कशी पडली ते मला माहीत होतं, मार्चमध्ये झाकण निघत नव्हतं म्हणून मी चमच्याने उचकटलं होतं. बाबांना सांगितलं नाही, इथे सांगतेय.

कंपनीत रिंग सुटी मिळत नाही. अख्खी टाकी मिळते, ती पण स्टॉकमध्ये नाही. बाबा म्हणाले नागदेवीला जा. रबर, बेल्ट, बेअरिंग, नटबोल्ट जे काही लागेल ते त्या एका रस्त्यावर. भांडुपहून स्लो लोकल पकडून मशीद बंदर, तिथून चालत, हातगाड्या चुकवत. जुनी रिंग पिशवीत घातलेली. दुकानदाराने ती हातात घेतली, व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावला, म्हणाला तीन एमएम नायट्राइल कॉर्ड, म्हणजे रबराची दोरी, मीटरवर मिळेल, कमीत कमी एक मीटर. चाळीस रुपये. साडेअकरा हजाराचं मशीन तीन आठवडे बंद पडलं ते चाळीस रुपयांसाठी, आणि त्यातलं पण निम्मंच लागलं.

रिंग बनवायची पद्धत लक्षात ठेवा, मिक्सरच्या झाकणाला, पिंपाच्या झाकणाला कशालाही चालेल. जुनी रिंग कापून सरळ करून तिच्या मापाची कॉर्ड घ्यायची, ओढून ताणून नाही, ताणलेली रिंग नंतर आक्रसते आणि सांधा सुटतो. दोन्ही टोकं नव्या ब्लेडने सरळ नाही, तिरपी कापायची, म्हणजे चिकटायला जास्त जागा मिळते. फेविक्विकचा एक थेंब, टोकाला टोक, आणि वीसेक सेकंद दाबून धरायचं. माझं बोट पण चिकटलं, तो भाग सोडा. बसवताना सांधा कोपऱ्यात येऊ द्यायचा नाही, सरळ बाजूला घ्यायचा, कोपऱ्यात रबर वळतं आणि सांध्यावर ताण येतो. उदबत्ती परत फिरवली, धूर कुठेच वाकला नाही. ओढ अशी आली की ब्रश सोफ्यावरून उचलताना चपक असा आवाज.

राहिला फवारा. पंपाचा गुर्र आवाज येत होता म्हणजे पंप जिवंत. इथे आमच्या सोसायटीच्या पाण्याची कथा आली. मुंबईचं पाणी जिथे शुद्ध होतं ते केंद्र भांडुप कॉम्प्लेक्सला, आमच्या गॅलरीतून त्या बाजूची झाडी दिसते, आणि आम्हाला एप्रिल-मेमध्ये टँकर. तलावाचं पाणी मऊ असतं, त्याने काही होत नाही, पण टँकरचं बोअरचं पाणी म्हणजे दोन दिवसांत नळाला पांढरी खपली. तीच खपली फवाऱ्याच्या बारीक भोकात, वर माझी पावडर वाळलेली. मी सुई घेऊन बसणार तेवढ्यात बाबांनी हातातून काढून घेतली. भोक मोठं झालं की फवारा जातो आणि नुसती धार पडते, मग ते कायमचं. त्यापेक्षा वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबाचं फूल (ढोकळ्याला वापरतो ते), नोझल त्यात तासभर बुडवून ठेवलं, बारीक बुडबुडे येत होते, मग टूथब्रश. फक्त नोझल बुडवायचं, ते पाणी टाकीत घालून पंपातून फिरवायचं नाही.

एवढं करून पण पाणी येईना! मला वाटलं संपलं सगळं. पण टाकी चार वेळा काढघाल केल्यामुळे पंपात हवा धरली होती. टाकी भरून, ब्रशचं हँडल टाकीच्या पातळीच्या खाली, म्हणजे मशीन स्टुलावर आणि हँडल जमिनीजवळ बादलीत, आणि ट्रिगर दाबून ठेवायचा. आधी काही नाही, मग थुंकल्यासारखं फुर्र फुर्र, आणि मिनिटाभरात पंख्यासारखा फवारा. चांगल्या पाण्याच्या टाकीखाली पण एक झडप आणि बारीक जाळी असते, टाकी नीट खटकन बसली नाही तर ती झडप उघडतच नाही, आधी ते बघा, आम्ही शेवटी बघितलं.

मोटर खरंच कधी जाते हे पण बाबांना विचारून घेतलं. जळका वास, हवेच्या भोकांतून ठिणग्या दिसणं, आवाज अडखळत येणं, किंवा मशीनच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या. यातलं काही असेल तर लगेच बंद, घरी उघडायचं नाही. मिक्सरच्या मोटरसारखेच यातल्या बऱ्याच मोटरींमध्ये कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) असतात, ते झिजतात, आणि कार्बन बदलून देणारा माणूस कुठल्याही नाक्यावर असतो, त्याला दाखवा, त्यासाठी असेंब्ली लागत नाही. आणि फेस मोटरपर्यंत गेला असं वाटलं, म्हणजे मागच्या जाळीतून पाण्याचे तुषार यायला लागले, तर प्लग काढून दोन दिवस तसंच सुकू द्या, परत परत चालू करून बघू नका.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हे सगळं ऐकून त्यांचं मशीन आणलं, मुलाने न्यू जर्सीहून पाठवलेलं. ते रिपेर होण्यातलं नव्हतं. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०, आणि त्यांनी स्टेशनबाहेर मिळतो तो पिन बदलायचा कन्व्हर्टर लावून थेट चालू केलेलं. त्याने नुसती पिन बदलते, व्होल्टेज नाही. दोन मिनिटं राक्षसासारखं चाललं म्हणे आणि मग धूर. तिकडून कोणी प्रेमाने आणत असेल तर आधी मागच्या लेबलवर व्होल्ट वाचायला सांगा, नाहीतर इथे मशीनएवढ्याच वजनाचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो.

मार्कांचं म्हणाल तर मशीनला पाचात साडेतीन. अर्धा आवाजाचा कापला, एक रिंग सुटी देत नाहीत त्याचा. सर्व्हिसला काहीच नाही, त्या पोराला मात्र मी चहा दिला होता आणि परत आला तरी देईन. कंपनीकडून मेसेज आला की तुमची तक्रार 'यशस्वीपणे सोडवण्यात आली आहे', कोणी सोडवली ते लिहिलं नव्हतं. ४९९ परत मागितलेत, उत्तर नाही.

आता मी कपड्याची पावडर जवळपास पण आणत नाही, शाम्पू पण बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्माच, आणि शेवटी एक टाकी नुसत्या कोमट पाण्याची फिरवते म्हणजे पाइपात साबण वाळत नाही. उकळतं पाणी नाही हं, प्लास्टिक वाकतं. घाण पाण्याची टाकी धुऊन झाकण उघडं ठेवून गॅलरीत उपडी, बंद करून ठेवली तर या हवेत दोन दिवसांत आत बुरशी. टँकर चालू असेल तेव्हा पिण्याच्या फिल्टरचं पाणी वापरते, दीड लिटर तर लागतं.

एकच गोष्ट राहिलीये, ट्रिगर सोडला तरी हँडलमधून अजून एखाद-दुसरा थेंब गळतो. बाबा म्हणतात आतली स्प्रिंग किंवा छोटी रिंग असेल, पण ते हँडल स्क्रूचं नाही, लॉकचं आहे, उघडताना तुटलं तर परत बसायचं नाही. गणपती होऊ दे मग बघू म्हणालेत. तोवर खाली जुना पंचा धरते.